पेशी जागा सोडून निघतात त्यात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा वाटा किती? (एम.एस्सी. प्रकल्प, कोल्हापूर)

रंकाळाकाठ

प्राणिशास्त्र एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प. विषय मंजूर झालाय: भ्रूणात पेशी एका जागेवरून दुसरीकडे जातात, त्यावर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचा (ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) ताबा कसा असतो. हाताशी इनक्युबेटर, स्टिरिओ मायक्रोस्कोप, साधा कंपाउंड आणि उणे २० चा फ्रीज आहे. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप मागून मिळतो, पण वेळ घ्यावी लागते. इलेक्ट्रोपोरेटर (विजेच्या झटक्याने पेशीत डीएनए सोडणारं यंत्र) नाही, सीओटू इनक्युबेटरही नाही.

विचारायचं ते असं. स्नेल-२ (जुनं नाव स्लग) हे असंच एक प्रथिन; ते दाबलं की कोंबडीच्या भ्रूणात न्यूरल क्रेस्टच्या (मेंदू-मज्जारज्जू बनवणाऱ्या नळीच्या, म्हणजे न्यूरल ट्यूबच्या, पाठीवरच्या) पेशी बाहेर पडत नाहीत, असं सगळीकडे लिहिलंय. मग स्नेल-२ ला सरळ 'हालचालीचं प्रथिन' म्हणायचं का? कोंबडी घ्यावी की फळमाशी? आणि कोल्हापुरात फलित अंडी कुठून आणायची?

क्रेस्टवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते 'नाही' नीट समजलं तर अर्धा प्रकल्प झाला समजा.

स्नेल-२ पेशीला ढकलत नाही. ते केंद्रकात बसतं, डीएनएवर सी-ए-जी-जी-टी-जी अशा सहा अक्षरांच्या जागेवर (ई-बॉक्स) झिंक फिंगरने (प्रथिनाची डीएनए पकडणारी बोटासारखी घडी) चिकटतं आणि तिथलं जनुक बंद करतं. बंद करायचं कामही स्वतः करत नाही. त्याच्या पुढच्या टोकाला स्नॅग नावाचा छोटा भाग असतो, तो हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळतं ती प्रथिनं) अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमांना बोलावून आणतो. कोंबडीत त्याचं थेट गिऱ्हाईक म्हणजे कॅडहेरिन-६बी. न्यूरल ट्यूबच्या पाठीकडच्या पेशी शेजाऱ्याला धरून असतात त्या या कॅडहेरिनच्या जोरावर. ते उतरलं की पकड सुटते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत स्नेल-१ आणि ई-कॅडहेरिनचं असंच नातं २००० साली दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं.

ऊसतोड टोळीचा मुकादम कोयते वाटतो, कोण कुठल्या फडात जाणार ते ठरवतो. प्रत्येक घाव काही तो घालत नाही. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर तेवढंच करतो: कुठलं कॅडहेरिन, कुठलं इंटेग्रिन (पायाखालचा पृष्ठभाग धरणारं प्रथिन), कुठला रिसेप्टर पेशीजवळ असावा हे ठरवतो. पुढचा पाय टाकणं हे पेशीचा सांगाडा हलवणाऱ्या प्रथिनांचं, म्हणजे रॅक, रो, अ‍ॅक्टिनचं काम, आणि ते सेकंद-मिनिटांत चालतं. जनुक चालू होऊन प्रथिन पृष्ठभागावर यायला मिनिटं नव्हे, बऱ्याचदा तास लागतात. म्हणून समोर अडथळा आला की वळायचा निर्णय केंद्रकाला विचारून होत नाही.

वळवळ

@क्रेस्टवाला, बाकी पटलं, पण यातून 'दिशा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर ठरवत नाही' असा अर्थ कुणी काढू नये. सी. एलिगन्स अळीत उलटं उदाहरण आहे आणि ते अगदी स्वच्छ आहे.

अळीच्या डाव्या-उजव्या बाजूला क्यू नावाची एकेक पेशी असते. उजवीची पिल्लं डोक्याकडे जातात, डावीची शेपटीकडे राहतात. फरक एका हॉक्स जनुकाचा (ही जनुकं ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बनवतात), मॅब-५. डाव्या पेशीत डब्ल्यूएनटी नावाच्या बाहेरच्या संदेशामुळे ते चालू होतं, उजवीत होत नाही. मॅब-५ मोडलं की डावीची पिल्लंही डोक्याकडे सुटतात. उजवीत जबरदस्तीने चालू ठेवलं की तिची पिल्लं मागे वळतात. सॅल्सर आणि केनियन यांनी १९९२ साली हे दाखवलं, आणि प्रवास चालू असताना मॅब-५ चालू केलं तरी दिशा फिरते हेही.

म्हणजे होकायंत्राची सुई फिरवण्याइतका अधिकार या प्रथिनाला आहे.

क्रेस्टवाला

बरोबर. मी 'क्षणाक्षणाची दिशा' म्हणायला हवं. मॅब-५ बाहेरचा संदेश बदलत नाही. त्या संदेशाचा अर्थ पेशी कसा लावते ते बदलतं. आणि हे उदाहरण रंकाळाकाठ यांच्या प्रकल्पाला दुसऱ्या कारणाने महत्त्वाचं आहे. तिथे पेशींची संख्या तीच, जन्म तोच, मेल्या कुणी नाहीत, फक्त दिशा बदलली. न्यूरल क्रेस्टमध्ये इतकं सरळ जवळपास कधीच नसतं.

स्नेल-२ दाबल्यावर बाहेर कमी पेशी दिसल्या. याची चार कारणं असू शकतात: क्रेस्ट तयारच झाली नाही, झाली पण मेली, झाली, जगली, पण तिचं विभाजन मंदावलं, किंवा सगळं ठीक, पण निघता आलं नाही. स्थलांतराचा दोष फक्त चौथा. पेपर वाचताना दर वेळी बघा, लेखकांनी पहिली तीन दारं बंद केलीत का. क्रेस्ट झाली का ते फॉक्सडी-३, सॉक्स-१० किंवा टीएफएपी-२ च्या खुणेवरून कळतं, मरण कॅस्पेज-३ च्या रंगाईवरून, विभाजन फॉस्फो-हिस्टोन एच-३ वरून.

सूक्ष्मदर्शी

यात उंदराचं प्रकरण धरा. १९९४ मध्ये निएतो आणि सहकाऱ्यांनी कोंबडीत स्लग दाबून क्रेस्ट अडते हे दाखवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, किल्ली सापडली. पण स्लग नसलेला उंदीर जन्मतो आणि जगतो. स्नेल-१ नसलेला गॅस्ट्रुलेशनमध्येच (भ्रूणाचे थर पडतात तेव्हा) संपतो, म्हणून तिथे क्रेस्टचा प्रश्नच येत नाही. पुढे मरे आणि ग्रिडली यांनी २००६ मध्ये दोन्ही जनुकं काढलेल्या उंदरांत क्रेस्ट तयार होऊन निघतेही हे दाखवलं. उलट झेब-२ (दुसरा एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर) काढला की उंदरात डोक्याकडची क्रेस्ट बाहेर पडत नाही. काम तेच, पण प्राणी बदलला की हुद्दा दुसऱ्याकडे. सेमिनारमध्ये 'स्नेल हा मास्टर रेग्युलेटर' असं छातीठोक वाक्य टाकू नका, परीक्षक तिथेच पकडतील.

अंडं_आधी

अंड्यांचं मी सांगतो भावा, बाकीचं ही मंडळी बघतील.

दुकानातली अंडी घेऊन कायबी होणार नाही. लेअर पोल्ट्रीत कोंबडा नसतोय, अंडं वांझ. आठवडी बाजारातली गावरान अंडी फलित असतात, पण किती दिवसांची ते विकणाऱ्यालाबी ठाऊक नसतंय. चार अंडी एका वेळेला ठेवली तर एक १० सोमाइटचं (सोमाइट म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना जोडीनं येणारे ठोकळे) निघतंय आणि एक सडकं. ब्रीडर फार्मची अंडी जिथं येतात त्या हॅचरीतनं घ्या, विभागाच्या पत्रावर मागा, आणि घातल्याची तारीख लिहून घ्या.

आणल्यावर १३ ते १६ अंशात ठेवायची, आठवड्याच्या आत वापरायची. घरच्या फ्रीजमध्ये ४ अंशाला ठेवू नका, दोन-चार दिवसांत जीव जातोय. आणि २१ च्या वर गेलं की भ्रूण हळूहळू वाढायला लागतंय, अर्धवट वाढून अडकतंय. एप्रिल-मे मध्ये दुपारी गाडीवरनं ट्रे आणला तर तिथंच वाट लागली म्हणायची. पहाटे आणा, थर्माकोलच्या खोक्यात. बर्फ ठेवलाच तर अंड्याला टेकता कामा नये, मध्ये कापड हवं.

इनक्युबेटर ३८ अंश, आर्द्रता ६० च्या आसपास. थंड अंडं थेट आत ढकलू नका, कवचाला घाम सुटतोय आणि त्यातनं बुरशी-जंतू आत. काही तास खोलीत ठेवा, मग आडवं ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा. भ्रूण वरच येऊन बसतंय. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका. गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून दार बंद, आणि किती वेळ गेली ते वहीत लिहा.

तास मोजून काय कळत नाही, सोमाइट मोजा. ३३ ते ३८ तासांत १० सोमाइट म्हणजे हॅम्बर्गर-हॅमिल्टन (कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचे ठरलेले टप्पे) १०, हे कागदावर. प्रत्यक्षात एकाच ट्रेमध्ये ७ चं पण भेटतंय आणि १३ चं पण.

रंकाळाकाठ

@अंडं_आधी नाद खुळा, एवढं कुणी सांगत नाही. फलित आहे हे फोडल्यावर कसं ओळखायचं?

अंडं_आधी

न उबवलेल्या अंड्यात बलकावर पांढरा ठिपका बघा. फलित असलं तर गोल कडं दिसतंय, मध्ये फिकट. वांझ असलं तर छोटा, भरीव, कडेला वेडावाकडा ठिपका. ट्रे आला की त्यातली तीन-चार फोडून बघायची आणि मगच बाकीची लावायची.

क्रेस्टवाला

इलेक्ट्रोपोरेटर नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तो असूनही लोकांचं जे चुकतं ते वेळेत. डोक्याकडची क्रेस्ट साधारण ७ सोमाइटपासून (टप्पा ९) निघायला लागते. स्नेल-२ त्याआधी, टप्पा ८ च्या सुमाराला दिसू लागतं. टप्पा ९ ला मॉर्फोलिनो (प्रथिन बनणं अडवणारा कृत्रिम रेणू) सोडला तर प्रथिन आधीच तयार, कॅडहेरिन आधीच उतरलेलं. निकाल 'काही फरक नाही', आणि तो खोटा. त्यासाठी टप्पा ४-५ लाच जावं लागतं. धडाकडे मात्र वेळ मिळते, कारण वाढ डोक्याकडून शेपटीकडे सरकते. १६ सोमाइटच्या भ्रूणात डोक्याची क्रेस्ट कधीच निघून गेलेली असते आणि शेपटीकडची अजून ट्यूबमध्ये असते. एकाच भ्रूणात चार वेळा मांडून ठेवल्यासारखं.

हेच तुम्ही वापरा. जनुकात हात न घालता बघायचं की पेशी निघण्याआधी, निघताना आणि निघून गेल्यावर केंद्रकात स्नेल-२ किती आहे. ते अशासाठी की हे प्रथिन टिकत नाही. पेशी-संवर्धनात स्नेल-१ चं अर्धायुष्य २५ मिनिटांच्या आसपास मोजलेलं आहे. जीएसके-३बीटा हे एन्झाइम त्याला फॉस्फेट लावतं आणि प्रोटिआसोम (पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र) ते मोडतं. म्हणजे जिथे ते दिसतं तिथे ते आत्ता बनतंय असं धरायला हरकत नाही.

धडाच्या न्यूरल ट्यूबचा एक्सप्लांट (भ्रूणातून कापून काचेवर वाढवलेला तुकडा) असा करा:

४५ ते ५२ तासांचं, १६ ते १९ सोमाइटचं भ्रूण घ्या. बलकावरून फिल्टर पेपरच्या कड्याने उचला. (कागदाला मध्ये भोक पाडायचं, भ्रूण त्या भोकात येईल असा कागद ठेवायचा, बाहेरून कापायचं, पडदा कागदाला चिकटून ताणलेला राहतो.) रिंगरमध्ये (क्षारांचं द्रावण) बलक धुऊन टाका. रिंगर लिटरला: सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२२५, पीएच ७.४. कॅल्शियम सर्वात शेवटी, ढवळत घाला.

शेवटच्या पाच-सहा सोमाइटांच्या पातळीवरचा तुकडा आडवा कापून काढा. त्याहून पुढचा घेतला तर क्रेस्ट निघून गेलेली असते आणि तुम्ही रिकामी नळी लावून बसता. तुकडा डिस्पेज या उती सुट्या करणाऱ्या एन्झाइममध्ये (दीड ते दोन मिलिग्रॅम प्रति मिली) १०-१५ मिनिटं. मग टंगस्टनच्या किंवा बारीक कीटक-टाचणीच्या सुईने सोमाइट आणि नोटोकॉर्ड (नळीखालचा दांडा) सोडवा. डिस्पेज जास्त झालं की नळी चिकट होते, सुईला लोंबते. कमी पडलं तर सोमाइटचे तुकडे राहतात आणि नंतर त्यांतून निघालेल्या पेशी क्रेस्ट म्हणून मोजल्या जातात. सोडवलेली नळी सीरम घातलेल्या माध्यमात दहा मिनिटं सावरू द्या.

काचेच्या कव्हरस्लिपवर फायब्रोनेक्टिन (पेशींना धरायला लागणारं प्रथिन), १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशाला एक तास. सुकू देऊ नका. सुकलं की तिथे पेशी पसरत नाहीत, गोळे होतात. माध्यम डीएमईएम घेऊ नका, ते सीओटूवर चालतं. साध्या हवेत त्याचा पीएच चढतो. एल-१५ घ्या, १० टक्के सीरमसह. माध्यम इतकंच घाला की नळी तरंगणार नाही, एक-दोन तासांनी चिकटली की मग भरा. काही तासांत कडेने पेशी दिसू लागतात, रात्रभरात झालर होते.

सूक्ष्मदर्शी

रंगाईचं जोडतो. स्नेल-२ साठी आयोवाच्या डीएसएचबी या अँटिबॉडी बँकेची ६२.१ई६ अँटिबॉडी कोंबडीत चालते. निघालेल्या क्रेस्टसाठी एचएनके-१. दोन्ही उंदराच्या, म्हणून विद्यार्थी एकत्र लावायला घाबरतात. गरज नाही: पहिली आयजीजी-१ आहे, दुसरी आयजीएम (अँटिबॉडीचे दोन वेगळे वर्ग). दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून रंग देणारी) त्या-त्या वर्गापुरती घेतली की दोन रंग वेगळे पडतात. 'अँटी-माउस' असं नुसतं लिहिलेली स्वस्त बाटली घेतली तर दोन्हीकडे चिकटेल.

पॅराफॉर्मल्डिहाइड ४ टक्के, ताजं, एक्सप्लांटला १५ मिनिटं. रात्रभर ठेवलं तर केंद्रकातलं स्नेल-२ दिसायचं थांबतं. एचएनके-१ पृष्ठभागावरची साखर ओळखते, तिला डिटर्जंट लागत नाही. स्नेल-२ साठी ट्रायटन लागतोच. एका प्लेटमध्ये पहिली अँटिबॉडी न घालता फक्त दुय्यम लावा. बलकाचे कण स्वतःच चमकतात आणि त्यांनाच सिग्नल समजलं जातं.

गूळ_आगार

फळमाशीची बाजू कुणी मांडत नाहीये. तिथे एक प्रयोग आहे जो साध्या मायक्रोस्कोपवर होतो आणि क्रेस्टपेक्षा स्वच्छ उत्तर देतो.

अंडाशयातल्या बॉर्डर पेशी. सहा-आठ पेशींचा पुंजका नवव्या टप्प्यात फॉलिकलच्या (अंडपेशीभोवतालचा कोष) पुढच्या टोकापासून सुटतो आणि नर्स पेशींच्या (अंडपेशीला पोसणाऱ्या) फटीतून सुमारे १५० मायक्रोमीटर जाऊन दहाव्या टप्प्याला अंडपेशीला टेकतो. प्रवास चार-सहा तासांचा. पुंजक्याच्या मधल्या दोन पोलर पेशी अनपेअर्ड नावाचं प्रथिन सोडतात, त्याने भोवतालच्या पेशींत स्टॅट चालू होतो, आणि पुढे स्लो बॉर्डर सेल्स (एसएलबीओ) हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. डेनिस माँटेल यांनी १९९२ मध्ये ते ओळखलं. ते नसलं की पुंजका तयार होतो, पण टोकाशीच बसून राहतो. म्हणजे वर सांगितलेलं चौथं कारण जवळजवळ एकटं हाती लागतं.

आणि आता गंमत. इथे एसएलबीओ ई-कॅडहेरिन वाढवतं. नर्स पेशींच्या अंगाला धरून पुढे सरकायचं तर पकड लागते. क्रेस्टमध्ये कॅडहेरिन उतरलं की निघणं, इथे चढलं की निघणं. 'स्थलांतर म्हणजे कॅडहेरिन कमी' हे समीकरण वहीतून खोडा.

एसएलबीओ-१ हा जो म्युटंट आहे त्यात जनुकातच लॅकझेड (एक्स-गॅल या रसायनाला निळं करणाऱ्या एन्झाइमचं जनुक) घुसलेलं आहे. एकाच स्टॉकमधून होमोझायगस (दोन्ही प्रती बिघडलेल्या) माद्या म्युटंट आणि हेटेरोझायगस (एकच बिघडलेली) कंट्रोल, आणि दोन्हीकडे बॉर्डर पेशी एक्स-गॅलने निळ्या. फ्लुरोसन्स लागत नाही. स्टॉकसाठी बेंगळुरूच्या सी-कॅम्पच्या फ्लाय फॅसिलिटीत चौकशी करा.

खाद्य: एक लिटर पाण्याला रवा १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, आगार १० ग्रॅम, शिजवून थोडं निवल्यावर प्रोपिऑनिक आम्ल ७.५ मिली. उकळत्यात घातलं तर आम्ल वाफेबरोबर जातं आणि चौथ्या दिवशी बुरशी. गूळ कोल्हापूरचाच, पण हायड्रॉस मारलेला पिवळाधमक नको. काळसर, बिनरसायनाचा एकाच ढेपेतला घ्या आणि प्रकल्पभर तोच वापरा. तापमान २५. तिशीला पोचलं की नर वांझ होतात, स्टॉक बसतो.

माद्यांना ओल्या यीस्टच्या लेपावर नरांसकट दोन दिवस ठेवा, नाहीतर अंडाशयात नववा-दहावा टप्पा सापडत नाही. अंडाशय काढून ग्लुटराल्डिहाइड १ टक्का, पाच-दहा मिनिटं, धुणं, मग एक्स-गॅल ०.२ टक्के, फेरी आणि फेरोसायनाइड ५ मिलिमोलर, ३७ अंश. दहावा टप्पा ठरवताना निळा ठिपका बघू नका, तेच तर मोजायचंय. बाहेरच्या फॉलिकल पेशी अंडपेशीवर सरकल्यात का आणि अंडपेशीने अर्धा भाग व्यापलाय का, त्यावरून ठरवा.

रंकाळाकाठ

दोन्ही मोह होतायत. एक शंका: एक्सप्लांटमध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन-डी घालून ट्रान्सक्रिप्शनच थांबवलं आणि पेशी निघाल्या नाहीत, तर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर लागतो हे सिद्ध होईल ना?

सूक्ष्मदर्शी

नाही. सगळीच जनुकं थांबली, पेशी आजारी पडली. त्यातून कुठल्या एका फॅक्टरबद्दल अवाक्षरही सिद्ध होत नाही.

वळवळ

मोजणीत एक गोष्ट बघा. वेग आणि सरळपणा वेगळे. वेग म्हणजे एकूण वाट भागिले वेळ. सरळपणा म्हणजे सुरुवात-शेवट अंतर भागिले एकूण वाट. क्रेस्ट पेशी तासाला साधारण ३० ते ६० मायक्रोमीटर जातात, म्हणून पाच मिनिटांला एक फोटो पुरतो. आयपीसला मोबाइल बांधून होतं, पण दिवा सतत चालू ठेवू नका, फोटोपुरताच. माध्यम तापतं आणि पेशी आखडतात. आणि स्टेजवर ३७ अंश टिकत नसेल तर वेगाचे आकडे छापू नका, फक्त झालरीची रुंदी द्या.

दुसरं: एका एक्सप्लांटमधल्या ८० पेशी मोजल्या म्हणून नमुना ८० होत नाही. नमुना म्हणजे भ्रूण.

क्रेस्टवाला

संख्येवरून आठवलं, प्रस्तावनेत हिर्शस्प्रुंग आजार घाला. सुमारे ५,००० जन्मांत एकाला होतो. आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच पोचत नाहीत, मल पुढे सरकत नाही. या पेशी मानेजवळच्या क्रेस्टमधून निघून अख्खं आतडं चालत जातात. सॉक्स-१० किंवा झेब-२ च्या दोषात हा आजार दिसतो, आणि सॉक्स-१० मध्ये बऱ्याचदा त्वचा-केसांचे पांढरे पट्टे आणि बहिरेपणाही सोबत, कारण रंगपेशीही क्रेस्टच्याच. पण सॉक्स-१० अर्धं असलेल्या उंदरात सुरुवातीच्या पेशीच कमी पडतात. १९५४ मध्ये यंटेमा आणि हॅमंड यांनी कोंबडीत ती क्रेस्ट नुसती कापून काढली, जनुकाला हात न लावता, तरी शेवटचं आतडं रिकामं राहिलं. मागून रेटा देणारी गर्दी नसली की पुढची फळी पोचत नाही. 'स्थलांतराचा दोष' म्हणून नोंदलेलं खूपदा मोजणीचा दोष असतो तो असा.

रंकाळाकाठ

मग असं ठरवतो: कोंबडीचा एक्सप्लांट, स्नेल-२ आणि एचएनके-१, तीन वेळा (लावल्यावर ४, ८, २४ तास). माशी वेळ उरली तर. किती भ्रूणं धरू?

सूक्ष्मदर्शी

प्रत्येक वेळेला वापरण्यालायक किमान आठ-दहा, आणि ती तीन वेगवेगळ्या ट्रेमधली. निम्मी नळी सोडवताना फाटतील असं धरूनच अंडी मागवा. विभागाच्या नैतिकता समितीला आधी अर्ज द्या.

अंडं_आधी

आणि हे सगळं फेब्रुवारीच्या आत उरका. मार्चला ऊन चढलं की १५ अंशाची जागा कुठनं आणणार?

गूळ_आगार

वाइन कूलर. १३-१६ ला बरोबर बसतो. विभागात कुणाकडे नसेल तर साध्या फ्रीजला बाहेरून थर्मोस्टॅट कंट्रोलर लावा आणि आत तापमापी ठेवून दोन दिवस नुसतं बघा, मग अंडी.